शोकेसमधला खडा

नीलकंठ उमरेडकरांच्या घरी कोणी पहिल्यांदा आलं की चहाच्या आधी खडा येई. मदन महल स्टेशनाच्या मागच्या गल्लीतलं ते घर. बैठकीत काचेचं शोकेस, त्यात फॅक्टरीने निवृत्तीला दिलेलं घड्याळ, लेक चिन्मयीच्या बॅडमिंटनच्या ढाली, आणि या सगळ्यांच्या मधोमध, अगदी मानाच्या जागी, रुंद तोंडाची औषधाची बाटली. बाटलीत सुपारीहून जरा मोठा, काळसर, गुळगुळीत खडा. नीलकंठराव ती बाटली दोन्ही हातांनी बाहेर काढत, पाहुण्याच्या नाकासमोर धरत आणि म्हणत, "ओळखा."

पाहुणा काय ओळखणार? मग ते आपणच सांगत. हा खडा त्यांच्या डाव्या किडनीत होता. त्याने अख्खी किडनी खाल्ली. नागपूरच्या डॉक्टरांनी मग दोन्ही बरोबरच बाहेर काढलं, खडाही आणि किडनीही. "अन् हा आता आटला," ते म्हणत. "काढला तेव्हा याच्या दुप्पट होता. हवेनं आटतो." सांगण्यातला मूळ खडा मात्र वर्षागणिक वाढत चालला होता. ऑपरेशनच्या सुमारास तो बोराएवढा होता, अलीकडे पेरूपर्यंत पोचला होता. पाहुणे तोंडात बोट घालत. त्यांच्या पत्नी विभावरीताई तेवढ्यात चहा बघायला आत जात.

त्या आत जात त्याचं कारण चहा नव्हता. खडा खोटा होता. नीलकंठरावांच्या किडनीत खडा कधी नव्हताच, कॅन्सरची गाठ होती. हे घरात दोघांनाच माहीत होतं, थोरले दीर बापूसाहेब आणि विभावरीताई. ज्याच्या पोटात गाठ होती त्याला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

राहिलं म्हणजे ठेवलं होतं. सर्जनने निकाल सांगितला तो खोलीच्या दाराबाहेर, बापूसाहेबांना. मागे विभावरीताई पदराचं टोक पिळत उभ्या. आपल्याकडे हे असंच चालतं. औषध पेशंटला आणि बोलणं नातेवाइकांशी. गाठ पूर्ण निघाली आहे, कुठे पसरलेलं नाही, दर वर्षी तपासून घ्या आणि निश्चिंत राहा, असं सर्जन म्हणाले. त्यातलं निश्चिंत कोणी ऐकलंच नाही. बापूसाहेब रेल्वेतले हेडक्लार्क, घरात शब्द त्यांचा. "नील्याला सांगायचं नाही," ते म्हणाले. "आपले बाबा त्या आजाराने नाही गेले, त्याच्या नावाने गेले. नाव कळलं अन् अंथरूण धरलं. त्याला खडा होता. बस."

शुद्धीवर नीट आल्यावर नीलकंठरावांनी पहिली मागणी केली ती खडा दाखवण्याची. ते फॅक्टरीत इन्स्पेक्शनला चार्जमन होते. जे नापास होऊन बाहेर पडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, ही उभ्या नोकरीची खोड. बापूसाहेबांची पंचाईत झाली. "लॅबमध्ये गेला आहे" यावर त्यांनी एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतली पूजेची डबी उघडली आणि त्यातला नर्मदेचा बाण काढला. बाण म्हणजे नदीतला गोटाच, पण आजोबांच्या आधीपासून तो या घरात महादेव म्हणून पुजला जात होता. प्रवासातही त्याला पाणी घातल्याशिवाय बापूसाहेब अन्नाला शिवत नसत. तो त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकला आणि भावाच्या हातात दिला. लोखंडातली केसाएवढी चीर हुडकणारा माणूस! त्याने बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "दादा, काय फिनिशिंग आहे!"

त्यानंतर बापूसाहेब जेव्हा जेव्हा घरी येत, आधी शोकेससमोर उभे राहत आणि डोळे मिटून हात जोडत. नीलकंठराव पोट धरून हसत. "विभा, बघ बघ, दादा माझ्या खड्याला नमस्कार करून राहिले!" विभावरीताई आत चहा टाकत. पुढे बापूसाहेब गेले, आणि गाठीचा सगळा भार एकट्या विभावरीताईंवर आला.

खरं तर त्यांना हे जड जायला नको होतं. त्यांची सुरुवातीची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली, ट्रंक कॉल जोडून देण्याची. सराफ्यातले भाव, राइट टाउनमधली मोडलेली लग्नं, साहेबांच्या बदल्या, सगळं त्यांच्या कानावरून गेलं आणि एक अवाक्षर बाहेर आलं नाही. ऐकायचं, जोडून द्यायचं आणि घरी येऊन पोळ्या लाटायच्या. पण तिथे दुसऱ्यांचं बोलणं होतं. हे स्वतःच्या माणसाचं होतं आणि ते माणूस रोज समोर बसून वरण-भात खात होतं.

मग त्यांनी तोंड बंद ठेवलं आणि हातपाय मोकळे सोडले. नीलकंठरावांनी बादलीला हात लावला की त्या मोरीत हजर. गॅसचं सिलिंडर सरकवायला ते वाकले की, "अहो, काहून उचलता? ठेवा बरं खाली!" दोन जिने चढून आले की "थकलात का?" जेवण कमी गेलं की "काय होतंय?" दुपारी डोळा लागला तरी त्या दारातून छाती वरखाली होते का ते बघून जात. वर्षातून एकदा सोनोग्राफी, "एका किडनीवर आहात, बघून घेऊ" या नावाखाली. निकाल दर वेळी साफ येई आणि त्यांची काळजी दर वेळी दुप्पट होई. अशा बाईला काही म्हणायचीही सोय नसते, कारण ती करते ते सगळं प्रेमानेच करते.

नीलकंठराव साठी ओलांडून पुढे गेले आणि त्यांच्या डोक्यात म्हातारपण शिरलं. अंगात नव्हे, डोक्यात. आपल्यात काहीतरी कमी होत चाललंय, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी केस काळे केले. धावायचे भारी बूट आणले. क्लबात बॅडमिंटनला गेले तर पोरं "अंकल, आराम से" म्हणाली. ते रॅकेट गुंडाळून परत आले आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. खुर्चीत बसले की गुडघा हलवत राहत, उठले की कुठे जायचं ते आठवत नसे. घर एवढंसं आणि त्यात दोन अस्वस्थ माणसं, एक तरुण व्हायला निघालेला आणि एक त्याला जागेवर बसवून ठेवणारी.

एका सकाळी ते राइट टाउनमधल्या एका नव्या दवाखान्यात गेले. आले ते थेट स्वयंपाकघरात, हातात थर्माकोलची डबी.

"विभा, फ्रिजमध्ये जागा कर."

डबीत एक इवलीशी कुपी आणि सुया. नीलकंठराव शिकवणी घेतल्यासारखे समजावू लागले. माणसाच्या डोक्यात एक ग्रंथी असते, ती ग्रोथ हार्मोन सोडते. वय झालं की ती आळशी होते, म्हणून स्नायू उतरतात, पोट सुटतं, झोप उडते. रक्त तपासलं तर त्यांचा आकडा वयाच्या मानानेही खाली निघाला. आता हे पेप्टाइड. हे बाहेरून हार्मोन भरत नाही, त्या ग्रंथीलाच चिमटा काढून जागं करतं. निजायच्या आधी पोटावर बारीक सुई, तीही रिकाम्या पोटी; जेवण आधी दोन-तीन तास आटपलेलं पाहिजे, नाहीतर औषध वाया. डॉक्टरने हेही बजावलं होतं की नुसत्या वयाने कमी झालेल्याला याचा किती उपयोग होतो हे अजून पक्कं ठरलेलं नाही, तीन महिने घेऊन बघू. हे वाक्य नीलकंठरावांनी पटकन उरकलं.

"डॉक्टर पक्का आहे पण. अनुपम नाव, लहानच आहे वयाने. सगळं विचारलं त्याने. शुगर? नाही. थायरॉइड? नाही. कॅन्सर? म्हटलं, नाही बा. म्हणाला, ज्याला कॅन्सर होऊन गेला त्याला मी हे देतच नाही, आत कुठं काही दबून बसलं असलं तर तेही वाढायचं. किडनीचं विचारलं तर म्हटलं, साहेब, माझा खडा होता! पेरूएवढा!"

ते हसले. विभावरीताईंनी फ्रिजचं दार उघडलं, दह्याचं पातेलं सरकवलं, लोणच्याची बरणी खालच्या कप्प्यात ठेवली आणि कुपीला जागा केली. मग त्या दार बंद करायलाच विसरल्या. "विभा, फ्रिज उघडा आहे," नीलकंठराव म्हणाले तेव्हा त्यांना कळलं की आपण थंडीत उभ्या आहोत.

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला थारा राहिला नाही. सांगावं तर बापूसाहेबांना दिलेला शब्द मोडतो, आणि सासरे आठवतात, भिंतीकडे तोंड करून निजलेले. न सांगावं तर रोज रात्री हा माणूस शिट्टी वाजवत आपल्या पोटात सुई खुपसतो. त्या दिवसातून कितीदा तरी फ्रिज उघडत, कुपी हातात घेत, परत ठेवत. एकदा मोरीत ओतून द्यायलाही गेल्या. पण नवी आणायला कितीसा वेळ लागणार होता?

शेवटी त्यांना त्यांचं स्वयंपाकघरातलं हत्यार आठवलं. रिकाम्या पोटी घ्यायचं ना? मग पोट रिकामं राहायलाच नको. नऊ वाजले की उमरेडकरांच्या घरात तूप कढू लागे. कधी शिरा, कधी साटोऱ्या, कधी सांज्याच्या पोळ्या. नीलकंठराव जिभेचे कच्चे. "आता नको, सुई आहे," म्हणत आणि एक घेत. "ही शेवटची," म्हणत आणि दुसरी घेत. मग पोटावर हात फिरवून, नियम मोडल्याच्या अपराधी चेहऱ्याने, सुई घेतच. विभावरीताई मनात म्हणत, जाऊ दे वाया. भरल्या पोटी औषध वाया जातं, एवढ्या एका वाक्याला धरून त्या पाठ टेकत. झोप तरीही येत नसे. सगळंच वाया जात असेल का, की थोडं लागू पडत असेल? आणि थोडं लागू पडलं तर कुठे?

तीन महिन्यांत नीलकंठराव तरुण झाले नाहीत, गुबगुबीत झाले. पँटचं बटण लागेना. ते दवाखान्यातून आले तेव्हा मात्र चेहऱ्यावर उमेद होती. "आकडा हललाच नाही म्हणतो. आता गुरुवारी पुन्हा बोलावलं. डोस वाढवून बघू म्हणतो."

डोस वाढणार! साटोऱ्यांनी एवढंच साधलं होतं.

दुसऱ्या दिवशी सराफ्यात जोडवी दुरुस्तीला टाकायची आहेत असं सांगून विभावरीताई ऑटोत बसल्या आणि राइट टाउनला उतरल्या. डॉक्टर अनुपम खरंच लहान होता, लेकीच्या वयाचा. विभावरीताईंनी दार लोटून घेतलं आणि खुर्चीच्या टोकावर बसून, आवाज खाली आणून, सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी तो शब्द वापरला नाही. "वो वाली बीमारी थी," म्हणाल्या. डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "दवा आज से बंद. अभी फोन करके बोल देता हूँ." विभावरीताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात जोडले. "बस, उनसे कह दीजिए कि सूट नहीं हुई. असली बात मत बताइएगा."

"नहीं आंटीजी," तो म्हणाला.

"उनके बड़े भाई ने..."

"दवा रोकूँगा, पर झूठ नहीं बोलूँगा. मैंने उनसे पूछा था और उन्होंने सच बोला था. जितना उनको पता था, उतना सच." आवाज चढवला नाही त्याने, उलट पाण्याचा पेला पुढे सरकवला. "फोन पर इतना ही कहूँगा कि गुरुवार तक मत लीजिए. गुरुवार को वो वजह पूछेंगे. बेहतर है, उससे पहले आपसे सुनें."

विभावरीताई तिथून निघाल्या त्या चरफडत. कालचा पोरगा, मला शिकवतो! बापूसाहेबांनी कितीतरी डॉक्टरांना दाराबाहेर गाठून गप्प केलं होतं. ऑटोवाल्याला त्यांनी घराऐवजी सराफा सांगितला, सराफ्यात उतरून जोडवी न टाकताच परत दुसरी ऑटो केली, आणि घराच्या दारात पोचेपर्यंत त्यांचा राग विरघळून नुसती भीती उरली होती.

नीलकंठराव बूट घालत होते. "अनुपमचा फोन आला होता. सुई घेऊ नका म्हणे गुरुवारपर्यंत. काहून ते सांगत नाही. मी जाऊन विचारूनच येतो."

"अहो, बसा जरा."

"आलोच मी."

"बसा म्हणते ना!"

असा आवाज त्या घरात फार दिवसांत निघाला नव्हता. नीलकंठराव एक बूट पायात, एक हातात, असे बसले. विभावरीताई उभ्याच राहिल्या. बसल्या असत्या तर बोलल्या नसत्या.

"तुम्हाला खडा नव्हता. कॅन्सर होता."

नीलकंठराव आधी हसले. मग त्यांनी शोकेसकडे बोट केलं.

"तो दादांचा बाण आहे. पूजेतला. तुम्ही खडा मागितला म्हणून दिला त्यांनी."

बोट तसंच राहिलं. बाकी कशावर त्यांनी विश्वास ठेवला नसता, वादच घातला असता. पण दादा डोळे मिटून शोकेससमोर उभे राहत, ते त्यांना आठवलं असणार. हळूहळू हात खाली आला. हातातला बूट त्यांनी जमिनीवर ठेवला, नीट, दुसऱ्याच्या शेजारी.

"चिन्मयीला ठाऊक आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

"पसरलं होतं?"

"नाही. पूर्ण निघाली गाठ. दर वर्षीची सोनोग्राफी त्याच्याचसाठी होती. साफ येत आली." आणि मग त्यांना रडू फुटलं. "दादा म्हणाले, बाबांसारखं होईल तुमचं. मला ते पाहवलं नसतं हो."

नीलकंठराव उठले आणि बुटांशिवायच, घरातल्या चपलेवर, बाहेर पडले. विभावरीताईंना माहीत होतं कुठे गेले ते. मन थाऱ्यावर नसलं की ते मदन महल किल्ल्याच्या टेकडीकडे जात. त्या फाटकाशी आल्या, परत गेल्या, पुन्हा आल्या. उन्हं उतरली. एवढी चढण, त्या चपलेवर, काही खाल्लेलंही नाही. चार वेळा त्यांनी पायात चप्पल सरकवली आणि चार वेळा काढली. आज मागे जायचा आपल्याला हक्क नाही एवढं त्यांना कळत होतं.

ते आले तेव्हा घामाने भिजले होते. भेदरलेले मात्र नव्हते, चिडलेले होते. विभावरीताईंनी त्यांना कधी इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"बादली उचलली की धावत येत होतीस," ते म्हणाले. "सिलिंडर उचललं की धावत येत होतीस. जिना चढलो की थकलात का. झोपलो तर दारातून बघून जाशील. मला काय वाटत होतं, माहीत आहे? मला वाटत होतं, हिला दिसून राहिलं. माझ्यात काहीतरी संपून राहिलं, ते मला दिसत नाही पण हिला दिसतं. बायकोला दिसतं म्हणजे खरंच असेल." त्यांचा श्वास पुरेना. "म्हातारा झालो समजून मी सुया टोचून घेतल्या, विभा. अन् मी म्हातारा झालोच नव्हतो. मी बरा झालो होतो! कोणी मला सांगितलंच नाही."

इतकी वर्षं विभावरीताईंनी आजाराचं नाव लपवलं होतं. त्याच्याबरोबर बरं होणंही लपलं गेलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गुरुवारी दोघं मिळून गेले. डॉक्टर अनुपमने नागपूरहून जुने अहवाल मागवायला सांगितले, नव्याने तपासण्या केल्या. सगळं साफ निघालं. ती कुपी त्याने परत घेतली आणि चालणं, थोडं वजन उचलणं आणि वेळेवर जेवण, एवढंच लिहून दिलं. घरी मात्र अबोला होता. नीलकंठराव ताटावर बसत, उठत, बाहेर जात. रागातच एका सकाळी आंघोळ करून त्यांनी शोकेसमधली बाटली काढली, बाण हातात घेतला, देवघरात तबकात ठेवला आणि त्याच्यावर पाणी घातलं. "दादा, तुम्हीपण," एवढंच म्हणाले. शोकेसमध्ये मधोमध एक गोल, धूळ नसलेली जागा राहिली.

पुढच्या आठवड्यात गॅसवाला आला. घाईत होता, भरलेलं सिलिंडर फाटकातच टेकवून निघून गेला. विभावरीताई बैठकीत भाजी निवडत होत्या. नीलकंठरावांनी धोतरासारखी लुंगी खोचली, वाकले, दोन्ही हातांनी कडं धरलं आणि सिलिंडर उचललं. पायऱ्या चढताना त्यांची मान लाल झाली, शिरा तटतटल्या. विभावरीताईंचे गुडघे आपोआप उठायला निघाले. त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिल्या. सिलिंडर त्यांच्या समोरून गेलं, बैठकीतून, जेवणाच्या टेबलाला घासून, स्वयंपाकघरात. धप्प आवाज आला. भाजीचं ताट हादरलं.

मग काही क्षण नुसती धाप ऐकू येत होती.

नीलकंठराव दारात येऊन उभे राहिले, कमरेवर हात, चेहरा घामाघूम. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी बायकोकडे पाहिलं, ती येते का ते. "थकलात का" विभावरीताईंच्या दातांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मेथीची एक काडी उचलली आणि पानं खुडत, वर न बघता म्हणाल्या, "रेग्युलेटरही लावून टाका."